हृदयातला दाब आणि बुडबुड्याची साक्ष

मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यात किंवा तारकर्लीच्या बाजूला, पाणबुडे पर्यटकांना खाली घेऊन जातात तेव्हा त्यांच्या तोंडातल्या नळीतून सुटणारे बुडबुडे वर जाता जाता फुगत जातात. दहा मीटर खोलीवर सुटलेला बुडबुडा पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत आकारमानाने दुप्पट होतो, कारण दहा मीटर पाण्याचे ओझे म्हणजे जवळजवळ आणखी एक वातावरण. दाब वाढला की वायू आकसतो आणि दाब घटला की पसरतो, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडला. आज या नियमाच्या आधाराने माणसाच्या हृदयातला दाब बाहेरून, शरीरात नळी न घालता मोजण्याचे प्रयोग चालू आहेत. शिरेतून रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे हृदयाच्या कप्प्यातून जाताना तिथल्या दाबाखाली आकसतात, सैलावतात, आणि छातीवर ठेवलेले अल्ट्रासाऊंडचे यंत्र त्यांच्या प्रतिध्वनीतून तो दाब वाचते. बॉइलच्या नियमापासून या यंत्रापर्यंतचा काळ साडेतीनशे वर्षांचा आहे. या वाटेवर घोडी आहे, पाणबुडी आहे, गलबताचे शीड आहे आणि कोकणातला लाल विंचूही आहे. ती वाट आपण सावकाश चालून पाहू.

हृदयाचा जोर बोटांनी ओळखण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन येते, आणि त्यानंतर शतकानुशतके वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून शरीराची अवस्था सांगत आले. तेराव्या शतकात कैरो-दमास्कसचा हकीम इब्न अल-नफीस याने लिहून ठेवले की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त पडद्यातल्या छिद्रांतून डावीकडे जात नाही, ते फुफ्फुसांतून फिरून येते. त्याचे लिखाण पुढे विस्मरणात गेले आणि १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन संशोधकाला सापडले. फुफ्फुसांचा हा वळसा आपण लक्षात ठेवू, कारण पुढे बुडबुड्यांच्या कथेत तोच मोठा अडसर ठरणार आहे. १६२८ मध्ये विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचे संपूर्ण चक्र सिद्ध केले. रक्त फिरते हे कळले, पण ते किती जोराने फिरते याला आकडा नव्हता. तो आकडा दिला इंग्लंडमधल्या टेडिंग्टन या गावच्या धर्मोपदेशकाने, स्टीव्हन हेल्स याने. १७३३ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने आपला प्रयोग सांगितला आहे. एका घोडीला आडवी बांधून त्याने तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त हृदयाच्या डाव्या जवनिकेच्या, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याच्या, पातळीपासून ८ फूट ३ इंच वर चढले आणि प्रत्येक ठोक्यागणिक खालीवर होत राहिले. मानेच्या शिरेत लावलेल्या नळीत मात्र ते साधारण फूटभरच चढले. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या दाबांत केवढी तफावत आहे, हे अशा रीतीने प्रथम डोळ्यांना दिसले. घोडी दगावली, पण दाब मोजता येतो हे ठरले.

यानंतरची पाऊणशे-शंभर वर्षे प्रश्न होता तो नळी आटोपशीर करण्याचा. पॅरिसमध्ये १८२८ साली जाँ पॉइझय याने रक्ताऐवजी पारा वापरला. पारा पाण्याहून साडेतेरा पटींनी जड, त्यामुळे अडीच मीटरांचा स्तंभ हातभर नळीत मावला, आणि दाबासाठी मिलिमीटर पारा हे माप कायमचे रूढ झाले. १८४७ मध्ये जर्मनीत कार्ल लुडविगने त्या पाऱ्यावर तरंगती लेखणी बसवून फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ उमटवली. १८६१ मध्ये फ्रान्समध्ये शोव्हो आणि मारे या दोघांनी जिवंत घोड्याच्या हृदयाच्या कप्प्यांत नळ्या सरकवून तिथलाच दाब नोंदवला. माणसाच्या बाबतीत मात्र दिशा वेगळी लागली. तिथे शरीर कापणे शक्य नव्हते म्हणून संशोधक बाहेरून दाब देण्याकडे वळले. इटलीत १८९६ साली रिव्हा-रोच्ची याने दंडावर बांधायचा हवेचा पट्टा केला आणि १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह याने त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा आणि खालचा दाब वेगळा काढला. याच साध्या पट्ट्याच्या बळावर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम पन्नास रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या जंगलातल्या त्या मुळीला जगभर औषधाचा मान मिळाला तो दाब आकड्यांत सांगता आला म्हणून. मोजमाप दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचले की केवढे काम होते, त्याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

दंडावरचा पट्टा धमनीतला दाब सांगतो, हृदयाच्या कप्प्यांतला नाही. हृदय शिथिल असताना डाव्या जवनिकेत रक्त भरते तेव्हाचा दाब साधारण ४ ते १२ मिलिमीटर असतो. तो २० च्या वर गेला की मागे फुफ्फुसांत रक्त तुंबू लागते, धाप लागते, रात्री उशा रचून बसावे लागते. अशा रुग्णाचा दंडावरचा दाब अगदी नेहमीचा निघू शकतो. म्हणजे जिथे दहा-पंधरा मिलिमीटरांत आजार ठरतो तिथे पट्टा मुका आहे, आणि नळीला आत जावेच लागते. ते धाडस १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समन या पंचविशीतल्या डॉक्टराने केले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. गेर्डा डिट्झेन ही परिचारिका स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली, तेव्हा त्याने तिला टेबलाला बांधले आणि तिच्या नकळत आपल्याच डाव्या हाताची शीर उघडून ६५ सेंटीमीटर लांबीची मूत्रवाहिनीची नळी आत सरकवली. मग चालत क्ष-किरणाच्या खोलीत जाऊन नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचा फोटो काढून घेतला. त्याच्या वाट्याला उपेक्षा आली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४१ पासून त्याच मार्गाने रुग्णांच्या हृदयातले दाब पद्धतशीर मोजले, आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर फोर्समन जर्मनीतल्या एका लहान गावात मूत्ररोगांचा डॉक्टर म्हणून काम करत होता.

तरीही हृदयातला दाब मोजणे म्हणजे क्ष-किरणांची खोली, टेबल आणि कुशल हात असे समीकरण होते. ते सुटले लॉस एंजेलिसमध्ये. हृदयरोगतज्ज्ञ जेरेमी स्वान १९६७ मध्ये मुलांना घेऊन सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर गेले असता, वारा पडलेल्या समुद्रात इतर होड्या जागीच उभ्या आणि फुगीर शीड लावलेले एक गलबत मात्र सुखाने पुढे सरकताना त्यांना दिसले. नळीच्या टोकाला असेच काही बांधले तर रक्ताचा प्रवाहच ती वाहून नेईल, हा विचार तिथे सुचला. सहकारी विल्यम गँझ यांच्यासह त्यांनी शिडाऐवजी फुगा बसवला आणि १९७० मध्ये ती नळी जगापुढे ठेवली. ती खाटेपाशीच, क्ष-किरणांशिवाय, फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत जात असे. पुढली पंचवीस वर्षे अतिदक्षता विभागांत या नळीचे राज्य होते. मग १९९६ मध्ये अमेरिकेत पाच हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात नळी घातलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. त्या निष्कर्षावर खूप वाद झाला, पुढच्या चाचण्यांनी नळीमुळे मृत्यू वाढतात हे सिद्ध केले नाही, पण सरसकट फायदाही दाखवला नाही, आणि तिचा वापर ओसरत गेला. आकडा हवा पण त्यासाठी शरीरात शिरावे लागू नये, ही इच्छा तेव्हापासून अधिक निकडीची झाली.

इथे आपण कोकणात येऊ, कारण हृदयातला दाब न कळण्याची किंमत कोकणाने लाल विंचवाच्या दंशात मोजली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा भातशेतीत, कौलांत, लाकडांच्या ढिगात दडलेल्या या विंचवाने दंश केलेली माणसे, विशेषतः मुले, काही तासांत दगावत. दंशानंतर दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, आणि मग तोंडातून फेस येईपर्यंत फुफ्फुसांत पाणी. बावस्करांजवळ हृदयात घालायला नळी नव्हती. होते ते स्टेथोस्कोप, दंडावरचा पट्टा आणि रात्रभर खाटेशी बसण्याची चिकाटी. त्या निरीक्षणांतून त्यांनी ओळखले की विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार येतो. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लॅन्सेटमध्ये आली, आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. हृदयात नेमके काय घडते हे नळीने पाहण्याचे काम मुंबईत झाले. परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. दिलीप कर्नाड यांनी विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांच्या हृदयाच्या उजव्या बाजूने नळी घालून दाब मोजले आणि १९९८ मध्ये हार्ट या नियतकालिकात ते मांडले. कोणाच्या बाबतीत आवळलेल्या रक्तवाहिन्या पुढे आहेत आणि कोणाच्या बाबतीत हृदयाचा स्नायूच दुबळा झाला आहे, हे त्या आकड्यांतून उलगडले. या दोन कामांकडे शेजारी ठेवून पाहिले की अंतर दिसते. दंश होतो तो भातखाचरात, आणि नळी असते परळमध्ये.

आता आपण दुसऱ्या वाटेने निघू, ती ध्वनीची. पॅरिसमध्ये १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांना आढळले की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, आणि पुढच्या वर्षी त्याच्या उलट, वीज दिली की स्फटिक कंप पावतात हेही त्यांनी दाखवले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ याने त्याचा उपयोग करून पाण्याखालच्या पाणबुड्यांचा माग काढणारा ध्वनी तयार केला. याच घराण्यातला प्रतिध्वनीचा खोलीमापक आज मालवणच्या ट्रॉलरवर मासळीचे थवे दाखवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच तंत्र लोखंडातल्या भेगा शोधायला लागले. स्वीडनच्या लुंड शहरात हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना एक अडचण होती. संधिवाताच्या तापाने आकसलेली मिट्रल झडप शस्त्रक्रियेआधी नीट दाखवणारे साधन नव्हते. भौतिकतज्ज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या कोकुम्स जहाजबांधणी कारखान्यातले भेगा शोधणारे यंत्र काही दिवसांसाठी मागून आणले आणि आपल्याच छातीवर लावून पाहिले. हृदयाबरोबर हलणारा प्रतिध्वनी दिसला. मग सीमेन्सकडून मिळालेल्या यंत्रावर २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाची पहिली नोंद घेतली. सिंधुदुर्गात आज ज्याला सगळे नुसते टू-डी इको म्हणतात त्याची सुरुवात अशी जहाजाच्या पोलादातून झाली. पण त्या प्रतिध्वनीत भिंती आणि झडपा दिसत होत्या. रक्त दिसत नव्हते, आणि दाब तर नाहीच.

रक्ताला प्रतिध्वनीत आणले ते बुडबुड्याने. त्याआधी रक्तातला बुडबुडा म्हणजे शत्रू होता. बॉइलनेच १६७० मध्ये हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवलेल्या विषारी सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना पाहिला होता. १८७८ मध्ये पॉल बेर याने दाखवले की खोल पाण्यातून वेगाने वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि तेच लकवा आणि मृत्यू आणतात. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची जी शिस्त तारकर्लीत पाणबुड्यांना शिकवली जाते ती १९०८ मधल्या जॉन हॉल्डेनच्या कोष्टकांची वंशज आहे. हा शत्रू दूत झाला तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात. रेमंड ग्रामियाक आणि भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ प्रवीण शहा यांनी १९६८ मध्ये महाधमनीच्या मुळाच्या इको नोंदी प्रसिद्ध केल्या. नळीतून रंगद्रव्य किंवा सलाईन सोडताच प्रतिध्वनीचा दाट ढग पडद्यावर भरून येई, आणि त्यावरून धमनीच्या सीमा निश्चित करता येत. तो ढग द्रवात अडकलेल्या सूक्ष्म हवेचा होता. त्या विभागात पुढे नवीन नंदा यांच्यासारख्या भारतीय डॉक्टरांनीही इकोचे शास्त्र घडवले. ग्रामियाकांबरोबर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. यातून जी साधी युक्ती रूढ झाली ती आजही तशीच आहे. दोन सिरिंज, मध्ये थ्री-वे तोटी, साधारण नऊ मिलिलिटर सलाईन आणि एक मिलिलिटर हवा. ते या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये झपझप घुसळायचे आणि लगेच हाताच्या शिरेत सोडायचे. उजवा कप्पा बुडबुड्यांनी उजळतो.

या ढगाचा दाबाशी संबंध जुळला तो एका जुन्या समीकरणातून. डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये प्रवाहाचा वेग आणि दाब यांचे नाते मांडले होते. त्याने नळीच्या भिंतीला छिद्र पाडून काचेची नळी खोवली होती. १९७० च्या दशकात नॉर्वेत यार्ले होलेन आणि त्यानंतर लिव्ह हाट्ले यांनी तेच समीकरण रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर ध्वनीला जोडले. झडपेतून उसळणाऱ्या रक्ताचा वेग मीटर प्रतिसेकंदात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचे, की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. १९८४ मध्ये पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या धारेवर हे लावले. धार तीन मीटर वेगाने असेल तर फरक ३६, त्यात उजव्या अलिंदाचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा, अंदाजे दाब मिळवला की उजव्या जवनिकेचा दाब कळतो. मात्र पुष्कळ माणसांत ही गळती इतकी क्षीण असते की तिची रेघ पडद्यावर पुरी उमटत नाही. तिथे घुसळलेले सलाईन कामी आले. बुडबुडे धारेबरोबर वाहतात, रेघ ठळक होते आणि वेग वाचता येतो, हे १९८८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. बुडबुड्यांच्या मदतीने, नळीविना, हृदयातला दाब सांगण्याची ही पहिली व्यवहारात उतरलेली रीत. काही पैशांचे सलाईन आणि सरावलेला हात, एवढेच तिचे भांडवल.

पण या रीतीत बुडबुडा फक्त धार उजळवतो, दाब सांगतो तो वेग. शिवाय घुसळलेल्या हवेचे बुडबुडे फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत विरून जातात. इब्न अल-नफीसने सांगितलेला वळसा त्यांना पार करता येत नाही, म्हणून डाव्या बाजूचा दाब झाकलेलाच राहतो. बुडबुड्यालाच दाबमापक करण्याचा विचार मात्र याच्या आधी मांडला गेला होता. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले याने जहाजांचे पंखे कोणत्या कारणाने झिजतात याचा शोध घेताना कोसळणाऱ्या बुडबुड्याचे गणित लिहिले. १९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट याने वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचे मूळ बुडबुड्यांत शोधले. प्रत्येक बुडबुड्याला स्वतःचा सूर असतो, तो आकारावर आणि भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो. १९७७ मध्ये अमेरिकेत विल्यम फेअरबँक आणि लेसर-भौतिकीतले मार्लन स्कली यांनी हे सूत्र हृदयाकडे वळवले. बुडबुड्याचा सूर बाहेरून ऐका, तो किती सरकला ते पाहा, आणि हृदयातला दाब काढा. कल्पना अचूक होती, बुडबुडे तयार नव्हते. एका ढगात लहानमोठ्या सगळ्या आकारांचे बुडबुडे असत आणि आकाराच्या फरकाने सुरात पडणारा बदल दाबाने पडणाऱ्या बदलाला गिळून टाकी. ही कल्पना पुढली वीस वर्षे व्यवहारात उतरू शकली नाही.

बुडबुडे तयार होण्यासाठी त्यांना कवच लागले. १९८४ मध्ये स्टीव्हन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अल्ब्युमिनच्या द्रावणावर तीव्र ध्वनिलहरींचा मारा करून प्रथिनाच्या पातळ कवचातले, लालपेशीहून लहान बुडबुडे मिळवले. ते फुफ्फुसांतून सुखरूप पार होऊन डाव्या हृदयात पोहोचत. त्यातून आलेल्या अल्ब्युनेक्सला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या पिढीत हवेच्या जागी रक्तात फारसे न विरघळणारे जड वायू आले आणि कवचही बहुधा स्निग्धद्रव्याचे झाले. ऑप्टिसन, डेफिनिटी, सोनोव्ह्यू, सोनाझॉइड ही नावे त्या पिढीची. निसर्गाने येथे एक अनुकूल योग जुळवून ठेवला होता. केशवाहिनीतून जाऊ शकणाऱ्या, दोन-चार सहस्रांश मिलिमीटरच्या बुडबुड्याचा स्वाभाविक सूर नेमका वैद्यकीय अल्ट्रासाऊंडच्या पट्टीत पडतो. वाट मात्र सरळ नव्हती. २००७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या द्रव्यांवर कडक इशारा लावला, आणि मोठ्या संख्येच्या रुग्णांचा अनुभव समोर आल्यावर पुढच्याच वर्षी तो सौम्य केला.

निर्णायक वळण १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात आले. विल्यम शी, फ्लेमिंग फोर्सबर्ग, बॅरी गोल्डबर्ग आणि सहकारी यांनी बुडबुड्याच्या मूळ सुराऐवजी त्याच्या अर्ध्या सुराकडे कान लावला. झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून झोका चढवणारी मुलगी एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा गुडघे वाकवते. म्हणजे ती जोर देते त्याच्या निम्म्या गतीने झोका हलतो. बुडबुड्यावर पुरेशा तीव्रतेचा ध्वनी टाकला की तोही असाच निम्म्या वारंवारितेचा प्रतिध्वनी देतो. हा निम्मा सूर मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच, थरथरत्या पात्रातल्या द्रवाच्या लाटांत पाहिला होता. शरीराच्या ऊती तो जवळजवळ देतच नाहीत, म्हणून तो आला तर बुडबुड्याकडूनच आला. फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेत भोवतीचा दाब शून्यापासून १८६ मिलिमीटरपर्यंत चढवला तेव्हा हा निम्मा सूर सुमारे १० डेसिबलने उतरला, आणि उतरला तो जवळजवळ सरळ रेषेत. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये आयाश बुआकाझ आणि निको डी याँग यांच्या गटाने कवच फुटल्यावर मोकळा झालेला बुडबुडा किती वेळात विरघळतो त्यावरून दाब काढण्याची दुसरी रीत मांडली. टिकली ती पहिली. २००५ मध्ये कुत्र्यांवर तिची सिद्धता झाली. २०१२ मध्ये जयदेव दवे आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या डाव्या जवनिकेतले दाब तिने काढले आणि नळीने मोजलेल्या दाबांशी पडताळले. पुढच्या वर्षी यकृताच्या रुग्णांत यकृतशिरेतल्या दाबासाठी ती वापरली गेली, आणि अलीकडे जेफरसनमध्येच नळीतपासणीसाठी आलेल्या हृदयरुग्णांच्या कप्प्यांतले दाब डेफिनिटीच्या बुडबुड्यांनी काढून नळीच्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले आहेत. फेअरबँक आणि स्कली यांचा प्रस्ताव अशा रीतीने चार दशकांनी माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचला.

ही रीत अजून रोजच्या उपचारात आलेली नाही, आणि त्याची कारणे समजून घ्यायला हवीत. निम्मा सूर दाबाला सर्वाधिक संवेदनशील असतो तो ध्वनीच्या एका ठरावीक तीव्रतेवर. ती प्रत्येक रुग्णाच्या छातीच्या जाडीप्रमाणे वेगळी असते आणि आधी शोधावी लागते. यंत्रात खास आज्ञावली लागते, कवचाचे बुडबुडे महाग असतात, आणि जिथे पाच मिलिमीटरांवर निर्णय ठरतो तिथे चूक फार लहान ठेवावी लागते. तिच्या शेजारी दुसरी वाटही चालू आहे. फुफ्फुसाच्या धमनीत कायमचा बसवायचा लहान दाबमापक अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. त्याने एक मोठी गोष्ट पक्की केली. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या आतला दाब धाप लागण्याच्या आणि पाय सुजण्याच्या बराच आधी चढू लागतो, आणि तो वेळेत कळून औषध बदलले तर रुग्णालयात भरती होण्याची पाळी टळू शकते. म्हणजे दाब एकदा मोजून भागत नाही, वारंवार मोजावा लागतो. आणि वारंवार मोजायचा तर साधन रुग्णाच्या जवळ हवे.

सिंधुदुर्गात ही निकड रोज दिसते. ‘चलताना धाप लागता’ म्हणणारा मालवणचा मच्छीमार अथवा बागायतदार तपासणीसाठी शंभरेक किलोमीटरांवरच्या बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जातो, नाहीतर कोल्हापूर-मुंबईची गाडी धरतो. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात इको यंत्रे आहेत, आणि त्या यंत्रांवर बर्नुलीचे समीकरण आजच बसवलेले आहे. क्षीण गळती उजळवणारे घुसळलेले सलाईन तर कोणत्याही वॉर्डात मिळते. म्हणून मला वाटते, फिलाडेल्फियाचा निम्मा सूर इथे येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दोन सिरिंजची ती जुनी रीत ओरोस, कणकवली, सावंतवाडीच्या इको टेबलावर नेमाने शिकवावी, वापरावी, आणि आकडे नोंदवून ठेवावेत. हेल्सच्या काळी दाब मोजायला एक जीव द्यावा लागला, फोर्समनला स्वतःची शीर उघडावी लागली, स्वानच्या नळीला अतिदक्षता विभाग लागला. प्रत्येक टप्प्यावर जखम लहान झाली आणि साधन खाटेच्या अधिक जवळ आले. या मागोव्यातली प्रगती मी याच दोन मापांनी मोजतो. बावस्करांनी बिरवाडीत केवळ पट्टा आणि चिकाटी यांवर जे केले ते पाहता, बुडबुड्याची साक्ष हाती असलेल्या जिल्ह्याने याहून कमी करू नये.